सौरविद्युत् गृहे, न्यू इंग्लंडमधील

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या ईशान्य भागातील मेन, न्यू हॅम्पशर, व्हर्मॉंट, मॅसॅचूसेट्स, ऱ्होड आयलंड व कनेक्टिकट या सहा राज्यांच्या प्रदेशात छपरावरील सौर विद्युत् घटांपासून घरगुती वापराची वीज मिळविणारी आणि त्यांपैकी काही ती विद्युत् घटमालेत साठवून ठेवणारी घरे. हा प्रदेश उत्तर अक्षांश ४१° ते ४७° यांच्या दरम्यान असून हिवाळ्यात तेथे वारंवार हिमवृष्टी होते. बॉस्टन येथे २१ डिसेंबरच्या सुमारास दिवस जेमतेम नऊ तासांचा असतो व मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून केवळ २४° उंच येतो (त्याच दिवशी मुंबईत तो सु. ४७° वर असतो). म्हणजे उष्णतेची व दिव्यांची गरज सर्वांत अधिक असते तेव्हाच ऊन सर्वांत कमी मिळते. मिळालेले ऊन साठवावयाचे कसे, हा प्रश्न या घरांच्या इतिहासात प्रारंभापासून पुन:पुन्हा पुढे आलेला दिसतो.

सौर विद्युत् घटाचा शोध लागण्यापूर्वीच हा प्रश्न उष्णतेच्या बाबतीत उपस्थित झाला होता. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एम्आय्‌टी) या संस्थेत हॉयट हॉटल यांच्या मार्गदर्शनाखाली १९३९ मध्ये एक लहान प्रायोगिक घर उभारण्यात आले. छपरावरील काचेच्या पेट्यांत तापलेले पाणी तळघरातील सु. ६५,००० लि. धारणेच्या टाकीत उन्हाळाभर साठवावयाचे व हिवाळ्यात त्याने घर उबदार ठेवावयाचे, अशी ही योजना होती. घर खरोखरच उबदार राहिले. परंतु एवढी टाकी व तिचे उष्णतारोधक आवरण यांचा खर्च पाहता कोळसा किंवा तेल जाळणेच स्वस्त पडते, असा निष्कर्ष हॉटल यांनी काढला. संपूर्ण ऋतूची ऊर्जा साठविण्याचा या प्रदेशातील हा पहिला शास्त्रीय प्रयत्न होता व तो तंत्राच्या नव्हे, तर हिशोबाच्या कसोटीवर मागे पडला.

त्याच संस्थेत काही काळ काम केलेल्या हंगेरियन शास्त्रज्ञ मारिया टेल्केश यांनी निराळा मार्ग धरला. बॉस्टनजवळील डोव्हर येथे १९४८ मध्ये एलिनॉर रेमंड या महिला वास्तुशिल्पज्ञांनी आराखडा केलेले व अमेलिया पीबडी या शिल्पकर्तींनी खर्च सोसलेले घर बांधण्यात आले. घराच्या वरच्या मजल्याचा दक्षिणाभिमुख दर्शनी भाग उभ्या काचांचा होता. हिवाळ्यातील सूर्य खाली असल्याने आणि जमिनीवरील बर्फावरून परावर्तित होणारा प्रकाशही त्यावर पडत असल्याने उभी मांडणी या हवामानास योग्य होती. काचांमागे तापलेली हवा ग्लॉबर लवण (सोडियम सल्फेटाचे सजल स्फटिक) भरलेल्या डब्यांवरून फिरविली जाई. हे लवण सु. ३२° से. तापमानास वितळते व वितळताना शोषलेली उष्णता गोठताना परत देते. दहा-बारा ढगाळ दिवस पुरेल इतकी उष्णता यात साठावी, अशी अपेक्षा होती. पहिले दोन हिवाळे घराने निभावले. पुढे मात्र वारंवार वितळण्या-गोठण्यामुळे लवणाचे थर विलग झाले, डबे गंजले आणि तिसऱ्या हिवाळ्यात व्यवस्था निकामी ठरली. हा प्रयोग तीन स्त्रियांच्या सहकार्यातून झाला होता, ही गोष्ट त्या काळी फार गाजली. लवणाच्या वर्तनाविषयी त्यातून मिळालेला धडा मात्र पुढील संशोधकांना अधिक उपयोगी पडला.

उन्हापासून सरळ वीज देणारा सिलिकॉन घट बेल टेलिफोन लॅबोरेटरीजच्या डॅरिल चॅपिन, कॅल्व्हिन फुलर व जेराल्ड पिअर्सन यांनी तयार केला व २५ एप्रिल १९५४ रोजी तो जाहीरपणे दाखविण्यात आला. त्याची कार्यक्षमता सु. ६ टक्के होती. १९५६ च्या सुमारास एक वॉट शक्तीच्या घटास २८६ डॉलर पडत. या दराने एका सामान्य घराची गरज भागविण्यास सु. १४ लाख ३० हजार डॉलर लागतील, असा हिशोब स्वत: चॅपिन यांनी मांडला होता. त्यामुळे पुढील दीड दशक हे घट मुख्यत्वे कृत्रिम उपग्रहांवरच राहिले. ऑक्टोबर १९७३ मधील अरब राष्ट्रांच्या तेलबंदीने परिस्थिती पालटली. घरे तापविण्यासाठी न्यू इंग्लंड खनिज तेलावर विशेष अवलंबून असल्याने तेथे तिचा फटका तीव्रतेने जाणवला. त्याच वर्षी डेलावेअर विद्यापीठात कार्ल बोअर यांनी ‘सोलर वन’ हे घर पुरे केले. त्याच्या छपरावर कॅडमियम सल्फाइडाचे घट होते व वीज शिसे-अम्ल घटमालेत साठविली जाई. डेलावेअर न्यू इंग्लंडच्या दक्षिणेस असले, तरी छपरावर घट व घरात घटमाला हा नमुना तेथून सर्वत्र परिचित झाला.

विजेच्या तारांपासून दूर, जंगलात किंवा डोंगरावर राहणाऱ्यांनी हा नमुना प्रथम स्वीकारला. नवे खांब व तारा आणण्यास येणाऱ्या खर्चाच्या मानाने त्यांना पॅनेल परवडत असे. त्यांचे खरे कष्ट पॅनेलपेक्षा घटमालेचे होते. शिसे-अम्ल घटातील रासायनिक विक्रिया थंडीत मंदावतात, −१८° से. तापमानास घट आपल्या नेहमीच्या धारणेच्या जवळपास निम्मीच वीज देऊ शकतो. पूर्ण भारित घटातील अम्ल −५०° से. तापमानासही गोठत नाही. परंतु घट रिता झाला की अम्ल इतके विरल होते की ते −८° से.च्या आसपास गोठून पात्र फुटू शकते. ढगाळ आठवड्यात घटमाला रिती होण्याचा व पारा उतरण्याचा योग एकाच वेळी येई. म्हणून ती तळघरात ठेवावी लागे. भारण होताना निघणाऱ्या हायड्रोजन वायूसाठी वायुवीजन ठेवावे लागे. घटांत ऊर्ध्वपातित पाणी घालावे लागे. आणि बहुतेक घरांत हिवाळ्यासाठी इंधनावर चालणारे जनित्रही ठेवावे लागे.

बर्फासंबंधी सर्वसाधारण समजूत मात्र निम्मीच खरी आहे. सिलिकॉन घट थंडीत अधिक चांगले काम करतो, २५° से.च्या वर तापमान दर अंशाने वाढताना त्याची शक्ती सु. ०·४ टक्क्याने घटते, म्हणून बर्फाळ प्रदेशातील निरभ्र, कडाक्याच्या थंडीचा दिवस त्याला अनुकूलच असतो. अडचण येते ती पॅनेलवर साचणाऱ्या थराने. पॅनेलमधील घट एकसरीत जोडलेले असल्यामुळे खालच्या कडेला हातभर बर्फ राहिला, तरी संपूर्ण पॅनेलचा प्रवाह खुंटू शकतो. तीव्र उतारावर हा थर काच तापताच घसरून पडतो. त्या प्रदेशातील जुन्या घरांची छपरे बर्फासाठीच उतरती बांधलेली असल्याने ती पॅनेललाही सोयीची ठरली. अशा छपरांवर वर्षभराच्या उत्पादनातील हिमामुळे होणारी तूट थोडीच असते.

घटमालेचा जाच टाळण्याचा मार्ग १९८० च्या सुमारास सापडला. संयुक्त संस्थानांच्या ऊर्जा खात्याच्या साहाय्याने एम्आय्‌टीच्या लिंकन प्रयोगशाळेने कॉंकर्ड येथे निवासी प्रयोग केंद्र स्थापन केले आणि जवळच्या कार्लाइल येथे स्टीव्हन स्ट्राँग यांनी आराखडा केलेले सु. ७ किवॉ. शक्तीचे घर उभे राहिले. त्यात घटमाला नव्हतीच. दिवसा उरलेली वीज सार्वजनिक विद्युत् जाळ्यात सोडावयाची व रात्री तेथूनच घ्यावयाची, असा त्याचा व्यवहार होता. लहान उत्पादकांची वीज कंपन्यांनी विकत घ्यावी, असे बंधन १९७८ च्या संघीय कायद्याने घातलेलेच होते. १९८२ मध्ये मॅसॅचूसेट्सने दिलेली व घेतलेली वीज एकमेकींतून वजा करून निव्वळ फरकाचेच देयक आकारण्यास अनुमती दिली. व्हर्मॉंटमध्ये ही सवलत १९९८ मध्ये आली. अशी अनेक घरे एकाच वाहिनीवर आल्यास काय होते हे पाहण्यासाठी १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास गार्डनर (मॅसॅचूसेट्स) या गावी ३० घरांवर प्रत्येकी २·२ किवॉ.ची पॅनेले बसविण्यात आली. वाहिनीवर त्यांचा दुष्परिणाम आढळला नाही. विद्युत् जाळे हीच सर्वांत स्वस्त घटमाला होय, असे मत त्यानंतर रूढ झाले. उन्हाळ्यातील शिल्लक हिवाळ्यात वापरता येऊ लागल्याने हॉटल यांच्या टाकीचे काम कागदावरील हिशोबानेच होऊ लागले. वीज प्रत्यक्षात कोठेही साठत नव्हती, याचा विसर पडला.

जानेवारी १९९८ च्या हिमवर्षावाने जाळ्याची ही मर्यादा दाखविली. ५ ते १० जानेवारी या काळात कॅनडाच्या पूर्व भागात व उत्तर न्यू इंग्लंडमध्ये गोठत्या पावसाने तारांवर व झाडांवर बर्फाचे जाड कवच चढले आणि खांब, मनोरे व फांद्या त्या भाराने कोसळल्या. मेन राज्यातील सुमारे निम्म्या लोकसंख्येची वीज गेली. काही घरांत ती दोन आठवड्यांहून अधिक काळ आली नाही. या प्रदेशात वीज जाणे म्हणजे केवळ अंधार नव्हे. तेलावर चालणाऱ्या भट्टीचा ज्वालक, पंप व पंखा विजेवरच चालतात. खेड्यांतील घरांना पाणी विहिरीवरील विद्युत् पंपाने मिळते. घर थंड पडले की नळ गोठून फुटतात. उबेसाठी बंद घरांत जनित्रे व शेगड्या चालविल्याने कार्बन मोनॉक्साइडाच्या विषबाधेचे अनेक प्रकार मेनमध्ये घडले.

अशा वेळी छपरावर सौर पॅनेल असलेले घरही अंधारातच राहते, ही बाब अनेकांना अनपेक्षित होती. एकदिश प्रवाहाचे प्रत्यावर्ती (उलटसुलट दिशांनी वाहणाऱ्या) प्रवाहात रूपांतर करणारा इन्व्हर्टर जाळ्यातील विजेच्या तालावर चालतो व ती नाहीशी होताच क्षणार्धात बंद पडतो. तुटलेल्या तारा जोडणाऱ्या कामगारास एखाद्या घरातून उलट येणाऱ्या विजेचा धक्का बसू नये, यासाठी हे बंधन मानकांनीच घातले आहे व ते योग्यच आहे. १९९८ मध्ये जाळ्याला जोडलेली सौर घरे मोजकीच होती. डिसेंबर २००८ मधील गोठत्या पावसाने मॅसॅचूसेट्स व न्यू हॅम्पशर यांची आणि ऑक्टोबर २०११ च्या अखेरीस झाडांवर पाने असतानाच झालेल्या अकाली हिमवृष्टीने कनेक्टिकटची तीच अवस्था केली, तोवर त्यांची संख्या बरीच वाढली होती. वादळ ओसरल्यावर लख्ख ऊन पडावे आणि छपरावरील पॅनेल असूनही घर गोठत राहावे, हा अनुभव घटमालेच्या पुनरागमनास कारण झाला.

दरम्यान पॅनेलची किंमत २०१० नंतर दर वॉटला एक डॉलरच्याही खाली आली होती आणि मोटारींसाठी विकसित झालेले लिथियम-आयन घट घरगुती वापरास उपलब्ध झाले होते. टेस्ला कंपनीने भिंतीवरील घटमाला एप्रिल २०१५ मध्ये जाहीर केली. तिच्या दुसऱ्या आवृत्तीची धारणा १३·५ किवॉ. तास होती. हे घट देखभाल मागत नाहीत. मात्र ०° से.च्या खाली भारित केल्यास त्यांच्या ऋणाग्रावर धातुरूप लिथियमाचा थर बसून ते खराब होतात, म्हणून थंड प्रदेशात ते घरात ठेवावे लागतात किंवा त्यांना तापकाची जोड द्यावी लागते. जाळे खंडित होताच एक स्वयंचलित स्विच घर जाळ्यापासून अलग करतो आणि मग पॅनेल व घटमाला मिळून घराला वीज पुरवितात. बाहेरच्या तारांत वीज जात नसल्याने कामगारासही धोका राहत नाही.

व्हर्मॉंटमधील ग्रीन माउंटन पॉवर या वीज कंपनीने २०१७ मध्ये अशा घटमाला दोन हजार ग्राहकांना महिना १५ डॉलर आकाराने देऊ केल्या. एरवी मागणी शिगेस पोहोचते तेव्हा कंपनी त्यांतील वीज स्वत: वापरते, वादळाची सूचना मिळताच त्या पूर्ण भरून ठेवते. पूर्वी घटमालेऐवजी ग्राहक जाळ्याचा आधार घेत असे. येथे जाळ्यानेच ग्राहकाच्या घटमालेचा आधार घेतला. २०२३ मध्ये याच कंपनीने तारा भूमिगत करणे व दुर्गम घरांत घटमाला बसविणे यांच्या आधारे २०३० पर्यंत वीज खंडित होण्याचे प्रकार नाहीसे करण्याची योजना मांडली.

एका रात्रीचा प्रश्न यामुळे सुटला असला, तरी ऋतूचा सुटलेला नाही. विजेवर न तापविल्या जाणाऱ्या घरास दिवसाला सु. २० किवॉ. तास वीज लागते; म्हणजे वरील घटमाला काटकसर न केल्यास एक दिवसही पुरत नाही. छपरावरचे डिसेंबरमधील उत्पादन जूनच्या निम्म्यापर्यंत किंवा त्याहूनही खाली येते. उन्हाळ्यातील केवळ १,००० किवॉ. तास हिवाळ्यासाठी ठेवावयाचे म्हटले, तर अशा सु. ७५ घटमाला लागतील. तेलभट्ट्यांच्या जागी विजेवर चालणारे उष्णता पंप बसविण्याचे धोरण या राज्यांनी स्वीकारल्याने हिवाळ्यातील मागणी वाढत आहे. ती सध्या तरी जाळ्यातील नैसर्गिक वायू, अणुशक्ती, जलविद्युत् व पवनशक्ती यांच्याच आधारे भागवावी लागते.

या घरांचा प्रसार सरकारी सवलतींबरोबर वाढत व ओसरत आला आहे. सौर साधनांवरील ४० टक्क्यांची घरगुती संघीय करसवलत ३१ डिसेंबर १९८५ रोजी संपली आणि अनेक लहान व्यवसाय बंद पडले. २००६ पासून ३० टक्क्यांची नवी सवलत लागू झाली व २०२३ पासून ती स्वतंत्र घटमालांनाही मिळू लागली. २०२५ च्या कायद्याने घरमालकांसाठी तीही ३१ डिसेंबर २०२५ रोजी, म्हणजे बरोबर चाळीस वर्षांनी, बंद झाली.