न दिलेला चषक : स्कॉटिश फुटबॉलमधील १९०८-०९ चा हंगाम

स्कॉटिश चषकाच्या विजेत्या संघांची यादी १८७४ पासून सुरू होते. या यादीत काही वर्षांपुढील जागा रिकाम्या आहेत. १९१५ ते १९१९ आणि १९४० ते १९४६ या वर्षांतील रिकाम्या जागांचे कारण महायुद्ध हे होय. त्या काळात स्पर्धाच भरली नाही. १९०९ ची रिकामी जागा मात्र निराळ्या प्रकारची आहे. त्या वर्षी स्पर्धा झाली, अंतिम सामना एकदा नव्हे तर दोनदा झाला. तरीही चषक कोणालाच मिळाला नाही. ग्लासगो शहरातील हॅम्पडन पार्क मैदानावर १७ एप्रिल १९०९ रोजी उसळलेला दंगा हे त्याचे कारण. सेल्टिक आणि रेंजर्स या दोन संघांच्या अनुयायांतील धार्मिक वैराचा एक प्रारंभीचा आविष्कार म्हणून या दंग्याकडे पुढे अनेकदा पाहिले गेले. ही समजूत कितपत ग्राह्य आहे, हे ठरविण्यासाठी त्या हंगामाचा घटनाक्रम मुळापासून तपासणे अगत्याचे आहे.

स्कॉटिश फुटबॉल असोसिएशनची स्थापना १३ मार्च १८७३ रोजी ग्लासगो येथे झाली. स्थापनेत ८ संघांचा सहभाग होता. त्याच वर्षी सुरू झालेल्या चषकस्पर्धेत १६ संघ उतरले आणि १८७४ मध्ये क्वीन्स पार्क संघाने क्लाइड्सडेल संघाचा २-० असा पराभव करून पहिला चषक जिंकला. स्पर्धा बाद पद्धतीची होती. या पद्धतीत हरलेला संघ स्पर्धेबाहेर जातो. साहजिकच बरोबरीला तीत अंतिम स्थान नसते. सामना बरोबरीत सुटला तर काय करावयाचे, हा प्रश्न म्हणून या स्पर्धेच्या जन्मापासूनच तिच्याबरोबर आहे. १८७९ मध्ये व्हेल ऑफ लेव्हन आणि रेंजर्स यांचा अंतिम सामना १-१ असा सुटल्यावर रेंजर्सने फेरसामना खेळण्यास नकार दिला आणि चषक प्रतिपक्षाकडे गेला. १८८४ मध्ये व्हेल ऑफ लेव्हन संघ अंतिम सामन्यास आलाच नाही. तेव्हा तो क्वीन्स पार्कला देण्यात आला. म्हणजे जो संघ मैदानावर येण्यास सिद्ध होता, त्याला न खेळताही चषक मिळाल्याची उदाहरणे होती. दोन्ही संघ खेळले आणि चषक दोघांनाही मिळाला नाही, असे उदाहरण मात्र १९०९ पूर्वी नव्हते.

मधल्या काळात खेळाचे स्वरूप पालटले होते. १८९३ मध्ये स्कॉटलंडमध्ये व्यावसायिक खेळाडूंना मान्यता मिळाली. रेंजर्सची स्थापना १८७२ ची. सेल्टिकची स्थापना १८८७ मध्ये, ग्लासगोच्या पूर्व भागातील आयरिश कॅथलिक वस्तीतील गरीब मुलांच्या अन्नासाठी पैसा उभा करावा, या धर्मादाय हेतूने झाली. त्याचा पहिला सामना २८ मे १८८८ रोजी रेंजर्सशीच झाला. परंतु १८९७ मध्ये सेल्टिक आणि १८९९ मध्ये रेंजर्स हे दोन्ही संघ मर्यादित कंपन्या बनले. त्यांच्या परस्परांतील सामन्यांना लोटणाऱ्या गर्दीमुळे दोघांचेही उत्पन्न वाढत गेले. १९०४ च्या अंतिम सामन्याच्या सुमारास ‘स्कॉटिश रेफरी’ या पत्राने एक व्यंगचित्र छापले. जाहिरातीची फळी अंगावर अडकविलेला एक मनुष्य ‘जुन्या पेढी’ला आश्रय द्या असे आवाहन करीत आहे, आणि ती पेढी म्हणजे रेंजर्स व सेल्टिक, असे ते चित्र होते. या दोन संघांना मिळून लावले जाणारे ‘ओल्ड फर्म’ हे नाव येथून रूढ झाले असे सामान्यतः मानले जाते. या नावाची निराळी व्युत्पत्तीही सांगण्यात येते; परंतु १९०४ मधील त्याचा अर्थ निःसंदिग्ध आहे. तो धर्माचा नसून गल्ल्याचा आहे. दोन प्रतिस्पर्धी हे वस्तुतः एकाच धंद्यातील भागीदार आहेत, असा त्यातील उपरोध होय.

१९०७ आणि १९०८ हे दोन्ही चषक सेल्टिकने जिंकले होते; १९०९ मध्ये लागोपाठ तिसरा चषक त्याच्या दृष्टिपथात होता. उपांत्य फेरीत क्लाइडशी झालेला पहिला सामना गोलाविना बरोबरीत सुटल्यावर सेल्टिकने फेरसामना २-० असा जिंकला; रेंजर्सने फॉल्कर्कचा १-० असा पराभव केला. अंतिम सामना १० एप्रिल रोजी हॅम्पडन पार्कवर सुमारे ७०,००० प्रेक्षकांसमोर झाला. रेंजर्स २-१ असा पुढे असताना त्याचा गोलरक्षक हॅरी रेनी हा हातातील चेंडूसह गोलरेषेच्या आत गेला आणि सामना २-२ असा सुटला. १७ एप्रिलच्या फेरसामन्यास सुमारे ६०,००० लोक आले. रेंजर्सचा गोल गॉर्डनने केला, सेल्टिकचा जिमी क्विनने; हा सामनाही १-१ असा बरोबरीत राहिला.

दंग्याचे बीज येथेच सापडते. स्पर्धेच्या नियमानुसार जादा वेळेची तरतूद पहिल्या फेरसामन्यास लागू नव्हती. तिसऱ्या सामन्यातही बरोबरी झाली तरच जादा वेळ खेळावयाचा होता. परंतु या वेळी जादा वेळ खेळला जाईल, असे सूचित करणारा मजकूर काही वृत्तपत्रांत आला होता आणि तीच समजूत प्रेक्षकांत पसरली होती. पंचाने शेवटची शिट्टी वाजविल्यावर काही खेळाडू, विशेषतः सेल्टिकचे, मैदानावर घुटमळत राहिले. त्यामुळे या समजुतीला जणू पुष्टीच मिळाली. अखेरीस खेळाडू आत गेले, तेव्हा आपण फसविले गेलो अशी भावना हजारोंच्या मनात एकाच क्षणी निर्माण झाली. नियम एक सांगत होता आणि मैदानावरील दृश्य दुसरेच सुचवीत होते. प्रेक्षकांना नियम वाचावयास मिळालेला नव्हता. दृश्य मात्र सर्वांनी पाहिले होते.

लोक कठडे ओलांडून मैदानात घुसले. गोलखांब उखडले गेले, जाळ्या फाडण्यात आल्या, कठडे मोडून लाकडांचे ढीग पेटविण्यात आले. प्रवेशाचे पैसे घेण्याच्या चौक्या जाळण्यात आल्या. आग भडकविण्यास व्हिस्की वापरली गेल्याचे नमूद आहे. पोलिसांवर दगडफेक झाली. आग विझविण्यास आलेल्या बंबवाल्यांवरही हल्ला करून त्यांचे पाण्याचे नळ कापण्यात आले. शंभराहून अधिक लोक जखमी झाले.

या तपशिलात जे आहे त्याइतकेच जे नाही तेही महत्त्वाचे आहे. दोन संघांच्या अनुयायांत मारामारी झाल्याचे वर्णन त्यात नाही. दोन्ही बाजूंचे लोक या दंग्यात एकत्र होते आणि त्यांचा रोख पोलीस, अधिकारी व मैदानाची मालमत्ता यांवर होता. सर्वांत सूचक गोष्ट ही, की ज्या चौक्यांत त्यांनी पैसे भरले होते, त्याच त्यांनी जाळल्या. बरोबरी मुद्दाम घडवून आणली जाते, म्हणजे तिसऱ्यांदा गल्ला जमा होतो, असा संशय लोकांच्या मनात होता. ‘जुनी पेढी’ या उपहासात जे पाच वर्षांपूर्वी शब्दांनी सूचित झाले होते, तेच हॅम्पडनवर कृतीने व्यक्त झाले.

हा संशय खरा होता काय, हा प्रश्न मात्र स्वतंत्र आहे. उपलब्ध घटना त्याच्या विरुद्धच साक्ष देतात. सेल्टिकचे साखळी स्पर्धेतील इतके सामने तुंबले होते, की दंग्यानंतर त्याला १२ दिवसांत ८ सामने खेळावे लागले आणि केवळ एका गुणाच्या आधिक्याने, डंडी संघाला मागे टाकून, त्याने ती स्पर्धा जिंकली. अशा संघास आणखी एक सामना लाभाचा नसून ओझ्याचा होता. दंग्यानंतर दोन्ही संघांनी मिळून अंतिम सामना तेथेच सोडून द्यावा अशी विनंती असोसिएशनला केली. तिसऱ्या गल्ल्याचा मोह असता तर तो सोडण्यास त्यांनी इतकी तत्परता दाखविली नसती, असे म्हणता येईल. अर्थात दंग्यानंतरच्या वर्तनावरून दंग्यापूर्वीचा हेतू पूर्णपणे सिद्ध होत नाही, ही मर्यादाही ध्यानात ठेवली पाहिजे. तथापि संशय निराधार ठरला तरी तो ऐतिहासिक दृष्ट्या नगण्य ठरत नाही. लोक जे खरे मानतात त्यानुसार ते वागतात. आणि एवढ्या मोठ्या समुदायाने तो खरा मानला, ही वस्तुस्थितीच त्या काळातील खेळ, पैसा आणि प्रेक्षक यांच्या संबंधांवर प्रकाश टाकते.

असोसिएशनने विनंती मान्य केली. चषक आणि पदके राखून ठेवण्यात आली, आणि मैदानाचा मालक असलेल्या क्वीन्स पार्क संघास दोन्ही संघांनी प्रत्येकी १५० पौंड भरपाई द्यावी असे ठरले. एप्रिल १९१० मध्ये डंडी आणि क्लाइड यांचा अंतिम सामनाही तिसऱ्या लढतीपर्यंत लांबला. परंतु तो शांतपणे पार पडला आणि डंडीने चषक नेला.

१० मे १९८० रोजी त्याच हॅम्पडन पार्कवर सेल्टिकने रेंजर्सचा १-० असा पराभव केल्यावर पुन्हा दंगा झाला. त्या वेळी मात्र दोन संघांचे अनुयायी मैदानावर उतरून परस्परांवर तुटून पडले. या दोन प्रसंगांतील अंतर हे केवळ ७१ वर्षांचे नाही. ग्लासगोमध्ये धार्मिक तेढ १९०९ मध्येही होती, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु १९१२ मध्ये बेलफास्टच्या हार्लंड अँड वुल्फ या जहाजबांधणी कंपनीने गोव्हन भागात कारखाना सुरू केल्यानंतर, आणि पुढे आयर्लंडमधील राजकीय संघर्षामुळे, तिला अधिक धार चढली असे मानले जाते. ‘ओल्ड फर्म’ या नावाचा अर्थही त्याबरोबर पालटला. एका गल्ल्यावर बसलेले दोन भागीदार हा मूळ अर्थ मागे पडून दोन पंथांचे दोन गोट हा अर्थ पुढे आला.

शब्द तोच राहतो आणि अर्थ सरकतो, तेव्हा नवा अर्थ जुन्या घटनेवर लादला जाण्याचा धोका संभवतो. १९०९ च्या दंग्याच्या बाबतीत नेमके तेच घडले. विजेत्यांच्या यादीतील ती रिकामी जागा म्हणूनच दोन पंथांच्या भांडणाची खूण ठरत नाही. एका दुपारी दोन्ही पंथांचे लोक एकाच संशयाने पेटले होते, याची ती खूण आहे.