१ जुलै १९४६ : वसंत-रजब यांचे बलिदान

अहमदाबादेत रथयात्रेच्या दिवशीच हिंदू-मुस्लिम दंगल उसळली. काँग्रेस सेवादलाचे वसंतराव हेगिष्टे आणि रजबअली लाखाणी हे जिवलग मित्र जमावाला आवरायला जमालपूर भागात धावले. वसंतराव अहमदाबादेतल्या मराठी कुटुंबातले, चाळिशीचे. रजबअली कराचीत जन्मलेले, सत्ताविशीही न गाठलेले. दोघेही नि:शस्त्र होते. जमावाने दोघांचाही जीव घेतला. स्वातंत्र्य जेमतेम १३ महिन्यांवर आले होते! गुजराती साहित्यिक झवेरचंद मेघाणींनी त्यांचा स्मृतिग्रंथ संपादित केला. २०१५ साली अहमदाबादेत ‘बंधुत्व स्मारक’ही उभे राहिले. १९३१ मध्ये कानपूरच्या दंगलीत इतरांना वाचवताना प्राण देणाऱ्या गणेश शंकर विद्यार्थींच्या पंक्तीतली ही माणसे. आपल्या शाळांतून आज त्यांची गोष्ट मुलांना जरूर सांगा.