रुळांवरचे गाणे : 'ट्रान्स-युरोप एक्सप्रेस'

गाण्यातले मला फारसे कळत नाही. मंडळाच्या सुगम संगीताच्या कार्यक्रमात मी मागच्या रांगेत बसणारा. पण रूळ कळतात, म्हणून यंदा रुळांच्या आवाजावर बेतलेल्या एका गाण्याविषयी लिहितो.

पश्चिम जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फला राल्फ ह्यूटर आणि फ्लोरियान श्नायडर यांनी १९७० साली 'क्राफ्टवेर्क' नावाचा चमू काढला. क्राफ्टवेर्क म्हणजे वीजनिर्मिती केंद्र. सिंथेसायझर आणि विजेवरचे ड्रम ही त्यांची वाद्ये, 'क्लिंग क्लांग' हा त्यांचा स्वतःचा स्टुडिओ. १९७४ मध्ये मोटाररस्त्यावरचे 'आउटोबान' गाजले. पुढचा विषय सुचला तो पॅरिसच्या गार द लियों स्टेशनातल्या उपाहारगृहात, जेवताना. तुमच्या संगीतात आगगाड्या शोभतात, ट्रान्स-युरोप एक्सप्रेसवर गाणे करा, असे पॉल आलेसांद्रिनी या फ्रेंच पत्रकाराने सुचवले.

या गाड्या १९५७ साली सुरू झाल्या. महायुद्ध संपून जेमतेम बारा वर्षे झाली होती, आणि कालचे शत्रू देश एकाच वेळापत्रकात आले. फक्त पहिला वर्ग, त्यामुळे प्रवासी बहुधा व्यापारी आणि साहेबलोक.

खरा आवाज ऐकायला ही मंडळी रेल्वेच्या पुलांवर गेली. तो ठेका नाचण्याजोगा वाटेना, म्हणून त्यांनी तो थोडा बदलला. हे वाचून मला हसू आले, कारण त्याचा हिशेब आमच्याकडे आहे. आपला आयसीएफ डबा घ्या. एका बोगीत दोन आस, त्यांत अंतर २.९ मीटर. मागच्या डब्याची बोगी जवळच येते. सांध्यापाशी उभे राहिलात तर २.९, ४.६, २.९ आणि मग जवळजवळ १२ मीटर अशा अंतराने ठोके पडतात. टक-टक, टक-टक, मग मोठी पोकळी. यावर कोण नाचणार? (गाडीत बसून ऐकणाऱ्यांसाठी एक युक्ती : १३ मीटरच्या रुळांवर ४७ सेकंदांत एका चाकाचे जितके सांधे मोजाल, तितका गाडीचा ताशी वेग किलोमीटरमध्ये.)

गाणे १९७७ साली आले. चित्रफितीत १९३१ साली ताशी २३० किलोमीटरने धावलेल्या, मागे पंखा लावलेल्या जर्मन रेल्वेगाडीची जुनी दृश्ये आहेत. ती आमच्या खात्यातल्या प्रत्येकाने पाहावीत. अमेरिकेच्या यादीत मात्र ते ६७ च्या वर चढले नाही.

खरे यश वेगळ्याच फलाटावर मिळाले. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये आफ्रिका बंबाटा हे गाणे लावून पोरांना नाचवत असे. १९८२ मध्ये त्याने आणि निर्माता आर्थर बेकरने 'प्लॅनेट रॉक' केले. चाल 'ट्रान्स-युरोप एक्सप्रेस'ची, ठेका क्राफ्टवेर्कच्याच 'नंबर्स'वरून, ड्रम रोलँड ८०८ यंत्राचे. ते ४८ पर्यंत गेले, आणि पुढे नाचाच्या संगीताची कितीतरी घराणी त्यातून फुटली. विसर्जनाला डीजे हवाच म्हणून हट्ट धरणाऱ्या आमच्या तरुण सभासदांनी हे नाते ध्यानात घ्यावे. त्याच अल्बममधल्या धातूवर धातू आपटण्याच्या दोन सेकंदांच्या तुकड्यावरून जर्मनीत वीस वर्षांहून अधिक काळ खटला चालला, तोही एक किस्साच.

१९८७ पर्यंत त्यातल्या बहुतेक गाड्या बंद झाल्या. आणि तो ठेकाही चालला आहे. फिशप्लेटचा सांधा ही रुळाची सर्वांत कमकुवत जागा, म्हणून आम्ही रूळ वेल्ड करतो. नोकरीत मी स्वतः कितीतरी सांधे नाहीसे केले आहेत आणि त्याचा मला अभिमानच आहे.

मध्यंतरी मुलीला हे गाणे ऐकवले. तिला ठेका आवडला, पण तो आगगाडीचा कसा हे कळेना. तिचा प्रवास सगळा वेल्ड केलेल्या रुळांवरचा. मग रविवारी तिला यार्डाजवळ नेले. तिथल्या एका लाइनवर अजून जुने सांधे आहेत. रिकामे डबे सावकाश सरकत आले. ती बोटांवर मोजत राहिली आणि म्हणाली, "बाबा, तुमच्या गाण्यात ही मधली पोकळीच नाहीये."