सुवर्णदुर्ग: हर्णैच्या समुद्रातल्या किल्ल्याला फेरी मारायची तर होडी कधी न्यायची आणि फोटो कुठून काढायचे?

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं. त्यातले ११ महाराष्ट्रातले, एक तमिळनाडूतला जिंजी. रत्नागिरी जिल्ह्याच्या वाट्याला यातला एकच किल्ला आला, तो म्हणजे दापोली तालुक्यातल्या हर्णैसमोरचा सुवर्णदुर्ग. रायगड, प्रतापगड, शिवनेरीचे रील्स तुमच्या फीडवर रोज येत असतील. सुवर्णदुर्गचे मात्र कमी दिसतात. कारण सरळ आहे, तिथे चालत जाता येत नाही.

आधी एक नेहमीचा गोंधळ. सुवर्णदुर्गजवळही एक मुरुड आहे, पण ते महर्षी कर्व्यांचं मुरुड, दापोली तालुक्यातलं. जंजिऱ्याचं मुरुड रायगड जिल्ह्यात आहे. मॅपवर नुसतं 'मुरुड' टाकून निघालेली गाडी चुकीच्या किल्ल्यासमोर उभी राहू शकते.

रेल्वेने यायचं तर खेड स्टेशन सोयीचं. तिथून दापोली आणि दापोलीहून हर्णै. रत्नागिरी शहरातून एका दिवसात जाऊन येण्याचा बेत दमवणारा आहे. मुक्काम हर्णै, मुरुड, कर्दे किंवा आंजर्ल्यात केला, तर सकाळचा प्रकाश हातात राहतो.

सकाळच का?

सुवर्णदुर्गचा मुख्य दरवाजा पूर्वेला, म्हणजे किनाऱ्याच्या बाजूला आहे. तो बुरुजांच्या आड असा बसवलाय की दुरून पटकन सापडत नाही. सकाळी सूर्य हर्णैच्या मागून वर येतो तेव्हा ही सगळी बाजू उजळते. काळे दगड, मधल्या फटी, तटावर उगवलेली झाडं, सगळं नीट दिसतं. दुपारनंतर उलटं होतं. सूर्य समुद्राकडे गेला की किनाऱ्यावरून किल्ल्याची फक्त काळी आकृती उरते. सूर्यास्ताचा फोटो हवा असेल तर ती आकृती उत्तमच, पण तटबंदी दाखवायची असेल तर संध्याकाळी गेलेली होडी फुकट गेली समजा.

वाऱ्याचंही तसंच. सकाळी समुद्र बऱ्यापैकी शांत असतो. दुपारी जमीन तापली की समुद्रावरून वारा सुटतो, लाटा वाढतात आणि छोटी होडी डोलायला लागते. त्या होडीतून झूम करून काढलेले फोटो बहुतेक हललेलेच येतात.

भरती-ओहोटीचं गणित

किल्ल्याला धक्का नाही. होडी जमेल तितकी जवळ नेतात आणि पाण्यात उतरून चालत जावं लागतं. समोर किती वाळू उघडी आहे, खडकांवर किती पाणी आहे, हे भरती-ओहोटीवर ठरतं. म्हणून तारीख ठरवताना हॉटेलच्या बुकिंगआधी कॅलेंडरमधली तिथी बघावी.

कोकणात यासाठी एक जुना हिशोब आहे. तिथीला पाऊणने गुणायचं, आलेला आकडा म्हणजे भरतीची अंदाजे वेळ. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, त्यामुळे पहाटे तीनची भरती दुपारी साडेतीनला पुन्हा येते आणि मधल्या वेळेत, नऊच्या सुमारास, ओहोटी असते. हा अंदाज आहे, अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहावी आणि शेवटचा शब्द होडीवाल्याचा मानावा.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, चढउतार कमी. पहिल्यांदा जाणाऱ्यांना, सोबत लहान मुलं किंवा आजी-आजोबा असतील तर खासकरून, भांगाचे दिवस बरे. आणि पावसाळ्यात हा विषयच काढू नये. १ जून ते ३१ जुलै राज्यात यांत्रिक होड्यांना मासेमारीही बंद असते. ज्या समुद्रात मच्छीमार होडी घालत नाहीत, तिथे फोटोसाठी कोणाला जास्त पैसे देऊन तयार करणं म्हणजे निव्वळ वेडेपणा.

उतरायचं की फेरी मारायची?

बहुतेकांना वाटतं की किल्ल्यात पाय ठेवला नाही तर सहल वाया गेली. फोटोंसाठी मात्र होडीतून पूर्ण फेरी मारणं जास्त मोलाचं आहे. आत पाण्याच्या टाक्या, विहिरी, जुन्या इमारतींचे चौथरे आहेत, पण झाडोरा इतका वाढतो की फ्रेममध्ये हिरवळीशिवाय फार काही येत नाही. उतरलातच तर दरवाजापाशी थांबा. पायरीवर कोरलेलं कासव आणि बाजूच्या भिंतीवरचा मारुती, ही इथली बघण्यासारखी शिल्पं.

फेरीत मात्र किल्ला का टिकला आणि कसा पडला, दोन्ही दिसतं. किनारा आणि किल्ला यांच्यामधलं पाणी आडोशाचं आहे. होडी वळून पश्चिमेला गेली की समोर खुला अरबी समुद्र. तिथे काही ठिकाणी खालचा कातळ कुठे संपतो आणि रचलेला तट कुठे सुरू होतो, हे लगेच कळत नाही. तो सांधा टिपण्यासाठी कॅमेरा पाण्याच्या जवळ, खाली धरा.

एप्रिल १७५५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा कमोडोर विल्यम जेम्स याने तुळाजी आंग्र्यांकडून हा किल्ला घेतला, तेव्हा त्याने पहिल्यांदा तोफा डागल्या त्या याच पश्चिम बाजूवर. तटाला फारसं काही झालं नाही. मग त्याने जहाजं किल्ला आणि किनाऱ्याच्या मधे आणली. तिथून झालेल्या माऱ्यात आत आग लागली, ती दारूकोठारापर्यंत गेली आणि किल्ला पडला. त्या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते, ही या कथेतली सगळ्यात बोचणारी गोष्ट. पुढे १८०२ मध्ये होळकरांकडून हरलेला दुसरा बाजीराव याच किल्ल्यात आश्रयाला आला आणि इथूनच वसईला गेला. त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला वसईचा तह झाला. १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला.

जेम्सच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीने १७८४ मध्ये लंडनच्या शूटर्स हिलवर एक त्रिकोणी मनोरा बांधला. त्याचं नाव 'सेव्हर्नड्रूग कॅसल', म्हणजे सुवर्णदुर्गचाच इंग्रजी उच्चार. तो आजही उभा आहे.

होडीत बसण्याआधी

भाडं होडीप्रमाणे ठरतं, त्यामुळे आणखी एका ग्रुपसोबत वाटून घेतलं तर परवडतं. पण परवडावं म्हणून जास्त माणसं कोंबू नयेत. प्रत्येकाला लाइफ जॅकेट मिळालंय का ते किनाऱ्यावरच बघा, आणि 'फोटोत चांगलं दिसत नाही' म्हणून काढू नका. फोटोसाठी सगळे एकाच बाजूला झुकले की छोटी होडी कलते. दोघांनी काढावेत, बाकीच्यांनी बसून राहावं. मोबाइलला दोरी बांधा. लेन्सवर खारं पाणी उडालं तर कोरड्या कपड्याने घासू नका, आधी गोड्या पाण्याने ओलसर केलेल्या कपड्याने टिपा.

किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. हातातल्या कॅमेऱ्याने किंवा मोबाइलने फोटो काढायला हरकत नसते. ट्रायपॉड, व्यावसायिक शूटिंग आणि ड्रोनसाठी आधी परवानगी घ्यावी लागते. संरक्षित वास्तूचं नुकसान केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, आणि भिंतीवर नाव कोरणं हेही नुकसानच आहे. तटाच्या कडेवर उभं राहून रील काढणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की दगडांमध्ये झाडांची मुळं शिरलेली आहेत. कुठला दगड सुटलाय, हे वरून दिसत नाही.

होडी मिळालीच नाही तर?

हर्णैच्या किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला असे तीन छोटे किल्ले आहेत. कनकदुर्गावर दीपगृह आहे आणि तिथून सुवर्णदुर्ग समोरच दिसतो. दुरून पूर्ण बेट एका फ्रेममध्ये हवं असेल तर आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीकडे जा, उंचावरून खाडी, किनारा आणि पाण्यातला किल्ला एकत्र येतात. संध्याकाळ हर्णै बंदरावर काढा. होड्या परतल्या की मासळीचा लिलाव सुरू होतो. तिथे माणसांचे फोटो काढण्याआधी विचारावं, आणि टोपल्यांच्या वाटेत उभं राहू नये.