अलेक्झांड्रियाच्या शिलेखान्यांतील फिरंगी तलवारी

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन वस्तुसंग्रहालयांत एक सरळ, दुधारी तलवार आहे. घडण अस्सल युरोपीय. पण पात्यावर कोरलेला लेख मात्र अरबी! सुलतान अल्-मुअय्यद शेख यानें ही तलवार अलेक्झांड्रिया या सरहद्दीवरील शहराच्या शिलेखान्यास हिजरी ८२२ मध्यें, म्हणजे इ. स. १४१९ त, अर्पण केली, असा त्याचा आशय. अशाच तलवारी लीड्स, टोरोंटो व इस्तंबूल येथेंही आहेत.

त्या पाहतांच वाचकांच्या डोळ्यांपुढें धर्मयुद्धाचा देखावा उभा राहील: ख्रिस्ती सरदार रणांत पडला आणि विजेत्यानें त्याच्या तलवारीवर आपलें नांव कोरविलें. देखावा मोहक खरा. परंतु सनावळी त्याच्या आड येते. सीरियाच्या किनाऱ्यावरील एकर हें ख्रिस्त्यांचें प्रमुख ठाणें १२९१ सालींच पडलें होतें. आणि हे लेख तर चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढचे.

मग या तलवारी आल्या कोठून? आमच्या मतें सायप्रसकडे पाहिल्यावांचून याचा उलगडा होत नाहीं. तेथील राजा पहिला पीटर यानें ऑक्टोबर १३६५ मध्यें अलेक्झांड्रिया लुटलें व थोड्याच दिवसांत तो लुटीसह परतला. पुढें १४२६ त सुलतान बार्सबाय याच्या फौजेनें सायप्रसवर उलट स्वारी करून राजा जेनस यास कैद करून कैरोस नेलें. कांहीं तलवारी या झुंजींत हातीं लागल्या असतील. परंतु १४१९ ची तलवार दोन्ही स्वाऱ्यांच्या मधल्या काळांतली. तेव्हां नजराणा आणि व्यापार यांचाही विचार करणें प्राप्त आहे. मुसलमानांस शस्त्रें विकूं नयेत, असा निर्बंध ११७९ च्या लॅटरन धर्मपरिषदेनें घातला होता. नफ्यापुढें व्यापाऱ्यांनीं तो कितपत पाळला, हें सांगणें नलगे.

लेखांची भाषाही विजयाची नव्हे, दप्तराची आहे. देणाराचें नांव, कोठाराचें नांव, साल. आणि वस्तु वक्फ, म्हणून विकावयाची नाहीं. ‘खिझाना’ आणि ‘सिलाह’ हे त्यांतील शब्द खजिना, शिलेखाना, शिलेदार या रूपांनीं आमच्या घरांत केव्हांच शिरलेले आहेत. मौज अशी कीं, युरोपांतील कारागीर पात्यावर साल क्वचितच घालीत. त्यामुळें अमुक घडणीची तलवार अमुक सालापूर्वीं प्रचारांत होती, हें तेथील पंडितांस या परक्या कारकुनाच्या नोंदीवरून ठरवितां आलें. अर्थात् साल जमा केल्याचें, घडविल्याचें नव्हे.

मराठ्यांची फिरंगही परदेशी पात्याचीच. पण आम्ही तिला आपली मूठ बसवून ती वापरांत आणली. अलेक्झांड्रियाच्या तलवारींच्या मुठी बहुधा जशाच्या तशा राहिल्या. त्या लढण्याकरितां नव्हे, ठेवण्याकरितांच घेतल्या असाव्यात, असें आम्हांस यावरून वाटतें. १५१७ त तुर्कांनीं इजिप्त जिंकल्यावर त्यांपैकीं पुष्कळ इस्तंबुलास गेल्या, आणि तेथें संत आयरीनच्या जुन्या चर्चमध्यें, जें आतां तुर्कांचें शस्त्रागार झालें होतें, पुन्हा जमा झाल्या.