दिसायला राजबिंडा, पण वागायला? शो डॉगच्या परीक्षेची गोष्ट

हेडफोन लावलेत ना? मग एक दृश्य डोळ्यांसमोर आणा.

डॉग शोची रिंग आहे. एक देखणा कुत्रा पुतळ्यासारखा उभा आहे. परीक्षक येतो, ओठ वर करून दात बघतो, पाठीवरून हात फिरवतो, पाय तपासतो. कुत्रा हलत नाही. टाळ्या! आता तोच कुत्रा आठवड्याभराने दुसऱ्या परीक्षेला जातो. तिथे मालक एवढंच म्हणतो, 'बस.' आणि आपला हिरो तसाच उभा राहतो, मान ताठ, छाती पुढे. बसतच नाही!

हट्टी आहे का तो? अजिबात नाही. रिंगमध्ये बसू नकोस, हेच तर त्याला पिल्लू असल्यापासून शिकवलेलं असतं. बिचारा आपल्या परीने आज्ञाच पाळतोय.

ही गंमत वाटते, पण तिच्यामागे दीडशेहून जास्त वर्षांचा एक वाद आहे. कुत्रा 'चांगला' म्हणजे नक्की काय? दिसायला चांगला, की वागायला?

सुरुवात करूया इंग्लंडपासून. १८५९ साली न्यूकॅसलमध्ये पहिला मोठा डॉग शो भरला. त्यात फक्त पॉइंटर आणि सेटर, म्हणजे शिकारीला मदत करणारे कुत्रे होते. बक्षीस काय होतं माहितीये? बंदुका! म्हणजे शो सुरू केले ते कुत्र्यांकडून काम करून घेणाऱ्या लोकांनी. पण हळूहळू शो वाढले, श्रीमंतांची हौस वाढली आणि नजर कामावरून रूपावर गेली. कान कसे, शेपूट कशी, चाल कशी. अमेरिकेत १८७७ मध्ये वेस्टमिन्स्टरचा शो सुरू झाला, १८८४ मध्ये अमेरिकन केनेल क्लब स्थापन झाला. पुढची पन्नास वर्षं शो म्हणजे मुख्यतः सौंदर्यस्पर्धा.

आणि मग येतात आपल्या गोष्टीच्या नायिका, हेलीन व्हाइटहाउस वॉकर.

न्यूयॉर्कजवळ राहणाऱ्या या बाईंनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला स्टँडर्ड पूडल पाळले. पूडल म्हणजे तेच, कुरळ्या केसांचे, अंगावर गोंडे ठेवून भादरलेले. लोक हसायचे. 'कसले नाजूक बाहुले घेऊन फिरताय!' बाईंना हे लागलं. कारण पूडल हा मुळात पाण्यातली शिकार उचलून आणणारा कुत्रा. त्याचं नावसुद्धा जर्मन शब्दावरून आलंय, पाण्यात डुबकणारा अशा अर्थाचं. ते केस कापणंही मूळचं पोहायला सोपं जावं म्हणून, असं सांगतात.

बाई भांडत बसल्या नाहीत. त्यांनी परीक्षाच भरवली. ऑक्टोबर १९३३, माउंट किस्को नावाचं गाव, वडिलांची जागा. कुत्रे फक्त आठ. दोन लॅब्राडोर, तीन पूडल, दोन स्प्रिंगर स्पॅनियल आणि एक जर्मन शेफर्ड. रूपाला एकही मार्क नाही. मालकाबरोबर नीट चाल, सांगितलं तिथे थांबून राहा, बोलावलं की ये, वस्तू उचलून आण. बस्स. पहिला नंबर कुणाचा? पूडलचा नाही, लॅब्राडोरचा! पण बाईंचा मुद्दा सिद्ध झाला होता. शहाणपण तपासता येतं, आणि ते तपासायला पाहिजे.

१९३४ मध्ये त्यांच्याकडे कुत्र्यांची देखभाल करायला एक तरुणी नोकरीला लागली, ब्लांश सॉन्डर्स. पुढे या दोघींची जोडीच जमली. १९३६ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने या परीक्षांना अधिकृत मान्यता दिली. आणि १९३७ मध्ये दोघींनी काय केलं ऐका. गाडीच्या मागे एकवीस फुटांचा ट्रेलर लावला, तीन पूडल घेतले आणि निघाल्या अमेरिकाभर. दहा आठवडे, सुमारे दहा हजार मैल! शोमध्ये जायचं आणि लोकांना दाखवायचं, बघा, सुंदर कुत्रा शिस्तीचाही असू शकतो. १९३७ साल, लक्षात घ्या. दोन बायका, तीन कुत्रे आणि लांबच लांब रस्ता.

पुढे सॉन्डर्स यांनी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्येही प्रात्यक्षिकं केली. १९४६ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. त्याच्या नावाचा अर्थ भारी आहे: कुत्र्याला शिकवण्यासाठी आधी तुम्हाला शिकवणं. म्हणजे विद्यार्थी कुत्रा नाहीच, विद्यार्थी मालक!

तरीही शोवाल्यांच्या मनात एक भीती होतीच. 'बस' शिकवलं तर कुत्रा रिंगमध्ये थांबल्या थांबल्या बसेल आणि बक्षीस हातचं जाईल. त्यामुळे कित्येक देखणे कुत्रे रिंगच्या बाहेर साधं नीट चालायलाही शिकले नाहीत.

मग १९८०चं दशक आलं आणि प्रश्न बक्षिसापुरता उरला नाही. कुत्र्यांच्या हल्ल्यांच्या बातम्या, घाबरलेले शेजारी, कायदे. फ्लोरिडातल्या डेड काउंटीने १९८९ मध्ये पिट बुलवर थेट बंदी घातली. त्याच वर्षी अमेरिकन केनेल क्लबने एक नवीन परीक्षा आणली, 'कॅनाइन गुड सिटिझन'. सरळ मराठीत सांगायचं तर 'शहाणा नागरिक कुत्रा'. ब्रिटनमध्येही क्रम असाच दिसतो. १९९१ मध्ये धोकादायक कुत्र्यांचा कायदा, १९९२ मध्ये तिथल्या केनेल क्लबची चांगल्या वर्तनाची योजना.

यात जातिवंतपणाची अट नव्हती. मिश्र जातीचा कुत्राही चालतो. आणि सुरुवातीलाच मालकाला प्रतिज्ञेवर सही करावी लागते की मी याच्या आरोग्याची, सुरक्षिततेची आणि लोकांना होणाऱ्या त्रासाची जबाबदारी घेतो.

परीक्षेत दहा पायऱ्या. अनोळखी माणूस येऊन मालकाशी बोलला तर शांत राहणं. त्याने कुरवाळलं तर चालवून घेणं. अंग विंचरू देणं, कान-पाय तपासू देणं. लीश न ओढता चालणं. गर्दीतून जाणं. बसणं, आडवं होणं आणि जागेवर थांबणं. बोलावल्यावर येणं. दुसरा कुत्रा दिसला तरी डोकं ठिकाणावर ठेवणं. अचानक आवाज झाला तर न बिथरणं. आणि शेवटी, मालक नजरेआड गेल्यावर तीन मिनिटं दुसऱ्या माणसाबरोबर राहणं. दहाच्या दहा जमल्या तरच पास. गुरगुरला किंवा चावायला धावला, तर तिथेच नापास.

आता शो डॉगची तयारी बघा. निम्मा अभ्यास त्याचा आधीच झालेला असतो. अनोळखी हात, विंचरणं, गर्दी, शेजारी दुसरे कुत्रे, लाउडस्पीकर, हे सगळं त्याच्या रोजच्यातलं. अडतं कुठे? तीन ठिकाणी.

पहिलं, बसणं. यावर ट्रेनर लोकांचा उपाय साधा आहे. 'उभा राहा' हीसुद्धा एक वेगळी कमांड म्हणून शिकवायची. शोसाठी बारीक लीश, परीक्षेसाठी रोजचा पट्टा. गळ्यात काय आहे यावरून कुत्रा ओळखतो, आज कुठला पेपर आहे ते! म्हणजे ती जुनी भीती निराधार नव्हती, पण तिच्यावर तोडगा होता.

दुसरं, खाऊ. रिंगमध्ये हातात खाऊ धरून कुत्र्याचं लक्ष टिकवतात. या परीक्षेत खाऊ चालत नाही. म्हणून सराव करताना आधी दर वेळी खाऊ, मग अधूनमधून, मग फक्त शाबासकी, असं हळूहळू कमी करत न्यायचं.

तिसरं आणि सगळ्यात अवघड, ती तीन मिनिटं. कौतुकात वाढलेला, सतत माणसांच्या हातात असलेला कुत्रा एकटा पडला की रडतो, येरझाऱ्या घालतो. म्हणून सुरुवात पाच सेकंदांपासून. मग दहा, मग अर्धं मिनिट. त्याला कळायला हवं की गेलेला माणूस परत येतो. हे घाईत होत नाही, काही आठवडे लागतात.

शिकवण्याची पद्धतही दरम्यान बदलली. सॉन्डर्स यांच्या काळात आज्ञा, पट्ट्याला झटका आणि मग शाबासकी असा क्रम होता. १९८०च्या दशकात इयान डनबर या पशुवैद्याने पिल्लांचे क्लास आणि खाऊ दाखवून शिकवणं लोकप्रिय केलं. झटका मागे पडत गेला, शाबासकी राहिली.

हे सगळं आज का सांगतोय? तुमच्या सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप आठवा. लिफ्टमध्ये कुत्रा न्यायचा की नाही, यावर रात्री बारापर्यंत मेसेज चाललेले असतात. एकीकडे 'आमचा काही करत नाही हो', दुसरीकडे 'बंदीच घाला'. त्या दहा पायऱ्या परत एकदा मनात मोजा. लिफ्टमधला अनोळखी माणूस, जिन्यातली गर्दी, समोरून आलेला दुसरा कुत्रा, कुकरची शिट्टी, घरी एकटं राहणं. हे तर आपल्याच बिल्डिंगचं वेळापत्रक आहे!

'काही करत नाही' असं नुसतं म्हटल्याने समोरच्याची भीती जात नाही. वॉकर बाईही नुसतं म्हणत बसल्या नव्हत्या. त्यांनी आठ कुत्रे मैदानात उभे केले आणि सगळ्यांसमोर दाखवून दिलं. तुमच्या घरात लॅब असो, पूडल असो नाहीतर रस्त्यावरून उचलून आणलेला मोती असो, आज संध्याकाळी पाच सेकंदांपासून सुरुवात करून बघा.

तुमच्या मोत्याची दहापैकी कुठली पायरी अडते, ते आम्हाला नक्की कळवा. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!