२५५ बाइटांचं बूटलोडर

शनिवारी वीरला गावी बसून बोर्डासाठी यू-बूट कंपाइल केलं, एसडी कार्डावर टाकलं. चुकलं तर कार्ड काढून परत लिहायचं, एवढंच!

अमेरिकेकडून हवा तसा महासंगणक मिळेना म्हणून १९८८ साली पुण्यात सी-डॅक निघालं. त्यांचा १९९१ चा परम ८००० टी८०० ट्रान्सप्युटरवर चालायचा. या चिपला रॉम नसली तरी चालायचं, शेजारच्या चिपकडून लिंकवरून बूट व्हायची. पहिला बाइट ० किंवा १ आला तर फक्त मेमरीत लिहायचं किंवा वाचायचं. त्याहून मोठा आला तर तेवढ्या बाइटांचा प्रोग्रॅम घ्यायचा आणि थेट चालवायचा. म्हणजे बूटलोडर जास्तीत जास्त २५५ बाइटांचं! तेच मग मोठा कोड ओढून घेणार, आणि पुढच्या शेजाऱ्यालाही उठवणार.

माझं यू-बूट काहीशे केबींचं निघालं.